घरांतील जुन्या संगणकाची विल्हेवाट

शेतकऱ्याच्या घरीं कोणतीहि वस्तु वायां जात नाहीं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मोडक्या नांगराचें लोखंड लोहाराकडे जातें व विळे-खुरपीं होऊन परत येतें. फाटक्या लुगड्याची गोधडी होते. गोठ्याची झाडलोट उकिरड्यांत पडून खत होते व शेतांत जाते. ज्या वस्तूचा कांहींच उपयोग उरला नाहीं ती शेवटीं चुलींत तरी जाते किंवा भंगारवाल्याच्या तागडींत तरी पडते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत अशी एक वस्तु आली आहे कीं, तिला ह्या सर्व वाटा बंद आहेत. ती वस्तु म्हणजे संगणक होय. लोहाराच्या ती कामाची नाहीं. उकिरड्यांत ती कुजत नाहीं. जाळली तर तिचा धूर विषारी होतो. आणि भंगारवाल्यास दिली तर तिच्याबरोबर आपल्या घरचें दप्तर परक्याच्या हातीं जातें.

हा विषय आज मांडण्याचें कारण असें कीं, जुन्या संगणकांची संख्या सध्यां खेड्यापाड्यांतूनहि वाढत आहे. ज्या ‘विंडोज १०’ नामक प्रणालीवर घरोघरचीं यंत्रें चालत होतीं, तिची नित्याची देखभाल तिच्या निर्मात्या कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि तिच्या पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली साधारणपणें २०१७-१८ सालापूर्वींच्या यंत्रांस अधिकृतपणें चढत नाहीं. तसेंच केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. जेथें जेथें नवें यंत्र आलें, तेथें तेथें जुनें यंत्र माळ्यावर, पडवींत अथवा खतांच्या पोत्यांआड जाऊन बसलें आहे. त्याचें काय करावें हें ठाऊक नसल्यामुळें एखाद्या दिवाळीच्या साफसफाईंत तें किलोच्या भावानें विकलें जातें, व तेथेंच अनर्थाचा आरंभ होतो.

वाचकांनीं एवढी एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, जुना संगणक म्हणजे एकाच पेटींत भरलेलें दप्तर व विष होय. दप्तर आधीं काढून घ्यावें, आणि विष नंतर योग्य हातीं सोंपवावें. हा क्रम मोडूं नये व ह्यांतील कोणतेंहि एक काम अर्धवट सोडूं नये.

दप्तराची निरवानिरव

घरच्या संगणकांत काय काय सांठलेलें असतें ह्याची यादी एकदां कागदावर करून पाहावी. सातबाऱ्याचे व आठ-अ चे उतारे, खरेदीखताच्या प्रती, आधार कार्डांचीं व बँकेच्या पासबुकांचीं छायाचित्रें, पीककर्जाचे अर्ज, मुलांचे दाखले, अंगठ्यांचे व सह्यांचे नमुने. शिवाय बँकेच्या व टपालाच्या खात्यांचे परवलीचे शब्द यंत्रानें आपण होऊन लक्षांत ठेवलेले असतात ते निराळेच. ज्याच्या घरीं सोसायटीचें किंवा सेवा केंद्राचें काम चालत असेल त्याच्या यंत्रांत तर अर्ध्या गांवाचे कागद असतात. स्वतःच्या कागदांबाबत मनुष्य निष्काळजी राहिला तर त्याचें नुकसान त्याच्यापुरतें. पण दुसऱ्यानें विश्वासानें दिलेल्या कागदांची जबाबदारी निराळी आहे.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, कागद ‘डिलीट’ केला म्हणजे तो नाहींसा झाला. ही समजूत खरी नाहीं. ज्यांनीं तलाठ्याच्या किंवा तहसील कचेरीच्या दप्तरखान्यांत काम केलें आहे त्यांस हें चटकन् समजेल. दप्तराच्या बस्त्यावर आंतील कागदांची अनुक्रमणिका असते. ती अनुक्रमणिका कोणी फाडून टाकली तर कागद शोधण्यास वेळ लागेल, परंतु कागद बस्त्यांत जेथल्या तेथेंच राहतील. संगणकांत ‘डिलीट’ केल्यानें अथवा घाईघाईचें ‘फॉरमॅट’ केल्यानें बहुधा एवढेंच होतें. अनुक्रमणिका जाते व कागद राहतात. आणि असे राहिलेले कागद वाचून काढणारीं साधनें बाजारांत सर्वांस मिळतात. कागद खरोखर नष्ट करावयाचा तर त्याच्या जागेवर दुसरें कांहीं तरी लिहून ती जागा भरून काढावी लागते, किंवा ज्या तबकडीवर तो लिहिला आहे ती तबकडीच मोडावी लागते.

नाश करण्यापूर्वीं निवड करावी. महसुली दप्तरांत कागदांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडण्याची जुनी पद्धत आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जपावयाचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षें, ‘क’ वर्गाचा कांहीं ठराविक वर्षें, आणि ‘ड’ वर्गाचा एक वर्ष ठेवून नष्ट करावयाचा. घरच्या संगणकासहि हीच पद्धत लावावी. खरेदीखत, वांटणीपत्र, न्यायालयाचे निकाल, जुन्या फेरफारांच्या प्रती व घरांतील थोरांचीं छायाचित्रें हीं ‘अ’ वर्गांत घालावीं, व तीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं, म्हणजे नव्या यंत्रांत व एका स्वतंत्र बाह्य डिस्कवर, उतरवून घ्यावीं. उतरविलेला प्रत्येक कागद उघडून पाहावा. नुसतें नांव दिसलें म्हणजे कागद आला असें समजूं नये. चालू सातबारा मात्र जपण्याची यातायात नको. महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ सालापासून सरकारी संकेतस्थळावरून हवा तेव्हां मिळतो, तेव्हां त्याची जुनी प्रत ‘ड’ वर्गाची समजावी.

निवड झाल्यावर यंत्र चालू असेल तर पुढीलप्रमाणें करावें. प्रथम त्यांतील टपाल, बँक वगैरे सर्व खात्यांतून बाहेर पडावें. नंतर विंडोज १० च्या मांडणींत ‘रीसेट’ म्हणून सोय आहे, तींतील ‘सर्व काढून टाका’ हा पर्याय घेऊन त्यापुढील ‘डेटा साफ करा’ ही खूणहि चालू करावी. ही दुसरी खूण केली तरच यंत्र रिकाम्या जागेवर पुन्हा लिहून ती भरून काढतें. तिला कांहीं तास लागतात, म्हणून यंत्र रात्रभर लावून ठेवावें व मध्यें वीज जाणार नाहीं अशी वेळ पाहावी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असें एकदां संपूर्ण लिहिलें म्हणजे घरगुती कागदांपुरती पुरेशी काळजी घेतली गेली असें समजण्यास हरकत नाहीं. तबकडी नसलेल्या, म्हणजे ‘एसएसडी’ जातीच्या, डिस्कची गोष्ट निराळी आहे. तिच्या कांहीं जागा वरून लिहूनहि भरल्या जात नाहींत, म्हणून तिच्या निर्मात्यानें दिलेली संपूर्ण पुसण्याची खास आज्ञाच वापरावी लागते.

यंत्र बंदच पडलें असेल तर जाणत्या माणसाकडून त्यांतील डिस्क काढून घ्यावी. यंत्र विजेपासून तोडावें व मगच उघडावें. तीन-चार स्क्रू काढले कीं डिस्क हातीं येते. तिच्या तबकड्यांतून आरपार जातील अशीं चार-पांच भोंकें ड्रिलनें पाडावींत. मांडीवरच्या संगणकाच्या लहान डिस्कमध्यें तबकडी पुष्कळदां कांचेची असते व ती फुटून कण उडतात. म्हणून डिस्क जाड फडक्यांत गुंडाळावी, डोळ्यांस चष्मा लावावा व मुलांस दूर ठेवावें. एसएसडीमधील प्रत्येक काळी चकती स्वतंत्रपणें मोडली पाहिजे. नुसत्या डबीस भोंक पाडून भागत नाहीं. मोडलेली डिस्कहि कचऱ्यांत किंवा पडक्या विहिरींत न टाकतां बाकीच्या यंत्राबरोबरच ठेवावी. मात्र यंत्राच्या वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी व जुन्या पद्धतीचा फुगीर कांचेचा पडदा हीं दोन अंगें कोणीहि घरीं उघडूं नयेत. वीज बंद केल्यावरहि त्यांत विजेचा सांठा राहतो व त्याचा झटका प्राणावर बेतूं शकतो.

विष कोठें आहे व तें कोठें जातें

आतां विषाचा विचार करूं. जुन्या फुगीर पडद्याच्या कांचेंत शिसें मिसळलेलें असतें, आणि तें चिमूटभर नव्हे, तर किलोच्या मापानें मोजावें इतकें असतें. त्यानंतर आलेल्या चपट्या पडद्यांपैकीं पुष्कळांत उजेडासाठीं बारीक नळ्या असून त्यांत थोडा पारा असतो. हिरव्या पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, जुनें डाखकाम कथील व शिसें ह्यांच्या मिश्रणाचें असतें. फार जुन्या यंत्रांतील कांहीं बॅटऱ्यांत कॅडमियम असतें. प्लॅस्टिकच्या आवरणांत आग लवकर लागूं नये म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्यें घातलेलीं असतात. यूपीएसच्या बॅटरींत शिसें व गंधकाचें आम्ल हीं दोन्हीं असतात. नव्या मालांत शिशाचें प्रमाण शेंकडा ०.१ व कॅडमियमचें शेंकडा ०.०१ ह्यापेक्षां अधिक असूं नये असें आपल्या देशाच्या नियमांनीं ठरविलें आहे खरें, परंतु माळ्यावर पडलेलें यंत्र बहुधा त्या नियमांच्या आधींचें असतें.

यंत्र अखंड असेपर्यंत हें विष जागच्या जागीं असतें. तें शेजारीं बसणारास बाधत नाहीं. यंत्र फुटलें, जळलें किंवा आम्लांत बुडविलें म्हणजे तें मोकळें होतें. भंगारवाल्याकडे गेलेल्या संगणकाचें शेवटीं हेंच होतें. गांवचा भंगारवाला तें तालुक्यास विकतो, तेथून तें मोठ्या शहरांत जातें. दिल्लीच्या सीलमपूर भागांत आणि उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद येथें असा माल उघड्यावर फोडण्याचा, तारा जाळण्याचा व पाट्या आम्लांत घालून धातु काढण्याचा धंदा वर्षानुवर्षें चालत आला आहे. मुरादाबादेस त्याची राख व आम्लाचें पाणी रामगंगा नदीच्या कांठीं गेलें. ह्यांत भंगारवाल्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो आपलें पोट भरतो, आणि त्या धुराचा पहिला घास त्याचींच मुलें घेतात. दोष आपल्याकडे येतो, कारण माल आपल्या दारांतून गेलेला असतो.

शहरांतील धुराशीं आपला काय संबंध, असें कोणी म्हणेल तर त्यानें भाताच्या शेतांची पुढील हकीकत वाचावी. चीन देशांतील झेजियांग प्रांतांत ताइझोऊ म्हणून मुलूख आहे. तेथें जुनीं विद्युत् यंत्रें फोडण्याचा धंदा भातखाचरांच्या शेजारींच वाढला. तेथील तांदुळाच्या तपासणीची जी हकीकत २००८ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सडलेल्या तांदुळांत शिशाचें सरासरी प्रमाण किलोमागें ०.६९ मिलिग्रॅम भरलें. त्या देशाची कमाल मर्यादा ०.२० मिलिग्रॅम होती, म्हणजे प्रमाण सुमारें साडेतीन पट झालें. कॅडमियमच्या बाबतींत शेंकडा ३१ नमुने मर्यादेच्या बाहेर गेले. शेत तेंच, शेतकरी तोच, मेहनतहि तीच. पण पिकलेला दाणा खाण्यास अयोग्य झाला.

धातूचें विष व इतर विष ह्यांत एक मोठा फरक आहे. कीटकनाशक कालांतरानें विरतें; धातु कुजत नाहीं आणि विरत नाहीं. शिसें मातीच्या वरच्या थरांतील चिकणमातीस व सेंद्रिय द्रव्यास घट्ट चिकटून पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहतें, व धुळीच्या वाटेनें मुलांच्या पोटांत जातें. मुलांच्या रक्तांत शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाहीं. कॅडमियम तर पीक मुळावाटे शोषून घेतें. पालेभाज्यांत व तांदुळांत तें सहज चढतें, आणि जमीन जितकी आम्ल तितकें अधिक चढतें. कोंकणांतील जांभ्या जमिनी आम्ल स्वभावाच्या असल्यामुळें तेथील शेतकऱ्यांनीं ह्याबाबत विशेष जपावें.

जपानांतील तोयामा प्रांताची गोष्ट संगणकाची नसली तरी धातूच्या चिवटपणाची खूण म्हणून सांगण्यासारखी आहे. तेथें जिन्झू नदीच्या वरच्या अंगास असलेल्या कामिओका खाणींतून कॅडमियम नदींत आलें व पाटाच्या पाण्यानें भातखाचरांत उतरलें. तो तांदूळ वर्षानुवर्षें खाऊन विशेषतः बायकांचीं हाडें ठिसूळ झालीं. त्या रोगास लोकांनीं ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें नांव दिलें. १९६८ सालीं सरकारनें तो रोग खाणीच्या कॅडमियममुळें झाला असें मान्य केलें. परंतु बिघडलेल्या खाचरांची माती बदलून जमीन पुन्हा शुद्ध करण्याचें काम २०१२ सालापर्यंत चालू होतें. जमीन बिघडावयास उशीर लागत नाहीं. सुधारण्यास मात्र एक पिढी पुरत नाहीं.

तारा जाळण्याविषयीं

येथें एका प्रचलित संवयीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. जळलेल्या मोटारीची अथवा जुन्या केबलची तार बांधावर पेटवून तिचें तांबें काढण्याची चाल पुष्कळ गांवीं आहे, आणि संगणकाच्या तारांचीहि तीच गत होते. तारेवरील आवरण पीव्हीसी नामक प्लॅस्टिकचें असतें. तें जळतांना मिठाच्या आम्लाची वाफ निघते, व तांब्याच्या संगतीनें डायॉक्सिन नांवाचीं फार तीव्र विषें तयार होतात. हीं विषें राखेबरोबर कडब्यावर व चाऱ्यावर बसतात, जनावरांच्या चरबींत सांठतात आणि दुधाच्या स्निग्धांशांतून घरांतील लेंकरांपर्यंत येऊन पोंचतात. मूठभर तांब्यासाठीं गोठ्यांतील दूध नासविणें हा कोणत्याच हिशेबानें नफ्याचा व्यवहार नव्हे. तार जाळूं नये. सोलून घ्यावी किंवा तशीच द्यावी.

यंत्र कोणास द्यावें

पहिली गोष्ट, यंत्र खरोखरच निरुपयोगी आहे काय हें पाहावें. पुष्कळ यंत्रें मंद झाल्यामुळें टाकून दिलीं जातात. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली व ‘लिनक्स’ ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, तर दहा वर्षांचें यंत्रहि टिपणें, हिशेब व मुलांचा अभ्यास ह्यांस आणखी कांहीं वर्षें पुरतें. असें यंत्र गांवच्या शाळेस किंवा वाचनालयास द्यावें. परंतु तें चालतें ह्याची खातरी करून द्यावें. बिघडलेलें यंत्र शाळेस दान करणें म्हणजे आपल्या माळ्यावरची अडगळ शाळेच्या माळ्यावर टाकणें होय.

यंत्र खरोखर संपलें असेल तर कायदा आपल्या बाजूस आहे. ई-कचऱ्यासंबंधीं आपल्या देशांत पहिले स्वतंत्र नियम २०११ सालीं झाले व ते १ मे २०१२ पासून अंमलांत आले. २०१६ सालीं ते बदलले, आणि हल्लीं लागू असलेले २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाले. ह्या नियमांचें सार असें कीं, जो माल तयार करतो त्यानेंच त्याच्या अखेरच्या विल्हेवाटीचा भार उचलावा. कंपन्यांनीं पूर्वीं विकलेल्या मालाच्या मानानें २०२३-२४ व २०२४-२५ ह्या वर्षांसाठीं शेंकडा ६०, पुढील दोन वर्षांसाठीं शेंकडा ७० व २०२७-२८ पासून शेंकडा ८० इतक्या मालाचें पुनश्चक्रण करवून घेतलें पाहिजे असें बंधन आहे. तेव्हां यंत्रावर ज्या कंपनीचें नांव आहे तिच्या ग्राहकसेवेस कळवून, जुनें यंत्र कोठें द्यावें, असें बेधडक विचारावें. हें विचारणें म्हणजे याचना नव्हे.

दुसरा मार्ग नोंदणीकृत पुनश्चक्रण करणाऱ्या कारखान्याचा. अशा कारखान्यांची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते, व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयांतहि चौकशी करतां येते. तेथें यंत्र हातानें सुटें करतात, लोखंड चुंबकानें वेगळें काढतात, शिशाची कांच स्वतंत्र ठेवतात आणि पाट्या धातु गाळण्याच्या भट्टीकडे पाठवितात. ह्या पाट्यांत सोनें, चांदी व तांबें असतें; टनास टन धरलें तर खाणीच्या दगडापेक्षां पाट्यांत सोनें कितीतरी अधिक भरतें. म्हणजे नीट सोंपविलेलें यंत्र देशास धातु परत देतें. माल देतांना वजनाची व तारखेची पावती घ्यावी आणि ती घरच्या दप्तरांत ठेवावी.

यूपीएसची बॅटरी मात्र निराळी काढावी. बॅटऱ्यांस २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानदारास परत देऊन तिची किंमत वजा करून घ्यावी. ती उभी ठेवावी, फोडूं नये, व तिच्यांतील आम्ल जमिनीवर ओतूं नये.

संघानें करण्यासारखें काम

येथवर सांगितलेलें सर्व एकट्या शेतकऱ्यानें करावयाचें म्हटलें तर एक अडचण पुढें येते. एका यंत्रासाठीं कारखान्याची गाडी खेड्यांत येत नाहीं, आणि शेतकरीहि त्यासाठीं पदरचें भाडें खर्चून शहरास जाणार नाहीं. ही अडचण सहकारानेंच सुटण्यासारखी आहे. ऊंस व दूध आपण एकत्र घालतों. तसाच हा मालहि एकत्र घालावा. संघानें वर्षांतून एक दिवस ठरवावा; उन्हाळ्यांत, पेरणीच्या गडबडीपूर्वीं, हा दिवस सोईचा पडेल. त्या दिवशीं प्रत्येक सभासदानें दप्तर काढून घेतलेलें यंत्र संघाच्या गोदामांत आणावें. चिटणिसांनीं नांव, वस्तु व वजन ह्यांची नोंदवही ठेवावी, डिस्क पुसली अथवा मोडली आहे काय हें विचारून त्याची स्वतंत्र रकान्यांत नोंद करावी, आणि एकत्र झालेला माल नोंदणीकृत कारखान्याच्या गाडींत भरून एकच पावती घ्यावी. तोंपर्यंत यंत्रें कोरड्या जागीं, धान्य व पेंड ह्यांपासून दूर ठेवावीं. जें थोडें उत्पन्न येईल तें गांवच्या शाळेस द्यावें. ह्या कामास भांडवल लागत नाहीं. एक वही, एक गोदाम आणि एक दिवस एवढें पुरतें.

सोसायट्यांनीं व सेवा केंद्रांनीं ह्या बाबतींत सर्वांच्या आधीं पाऊल टाकावें. त्यांच्या यंत्रांत सभासदांचें दप्तर आहे. जुना संगणक निकालांत काढण्याचा ठराव करतांना दप्तर कोणीं उतरविलें, डिस्क कोणीं मोडली व यंत्र कोणास दिलें ह्या तीन गोष्टी ठरावांत नमूद कराव्या. कागदी दप्तर जाळण्यापूर्वीं आपण यादी करतों. संगणकाच्या दप्तरासहि तेवढाच मान द्यावा.

आपल्या वाडवडिलांनीं बांध घातले, ताली धरल्या, कुंपणें राखलीं व जमीन आपल्या स्वाधीन केली. त्यांच्या काळीं जमिनीस पुराचें व धुपीचें भय होतें; आपल्या काळीं तिच्यांत एक नवें भय शिरूं पाहात आहे, आणि तें आपल्याच माळ्यावरून खालीं येत आहे. पुढच्या वेळीं दारांत भंगाराची गाडी उभी राहील तेव्हां पत्रा द्यावा, लोखंड द्यावें, रद्दी द्यावी. संगणक मात्र बाजूस काढून ठेवावा व त्याची वाट निराळी आहे हें घरांतील सर्वांस सांगून ठेवावें.